टार्गेट ३५ केलं आणि ॲपचा टूलबार घड्याळाखाली गेला? आधी हे तपासा

दरवर्षी जुलै-ऑगस्ट आला की हा प्रकार सुरू होतो. प्ले कन्सोलमध्ये, म्हणजे जिथून आपण ॲप प्ले स्टोअरवर टाकतो तिथे, सूचना येते की ३१ ऑगस्टच्या आत टार्गेट एपीआय लेव्हल (अँड्रॉइडच्या व्हर्जनचा आतला आकडा) वाढवा, मग टीममधलं कोणीतरी ग्रेडल या बिल्डच्या सेटिंगच्या फाइलमध्ये ३४ चं ३५ करतं (३४ म्हणजे अँड्रॉइड १४, ३५ म्हणजे १५), बिल्ड होतं, हातातल्या फोनवर एकदा उघडून बघतात, चालतंय म्हणून रिलीज करतात आणि मग रिव्ह्यू यायला लागतात. सेव्हचं बटण दाबता येत नाही, कीबोर्ड आला की काय टाइप करतोय तेच दिसत नाही, ॲप उघडलं की लगेच बंद होतंय. ज्याने बदल केला तो म्हणतो माझ्या फोनवर तर नीट चालतंय, आणि तो खरंच बोलत असतो.

हे पहिल्यांदा होत नाहीये. अँड्रॉइड १२ ला मॅनिफेस्टमध्ये (ॲपची माहिती सिस्टिमला देणारी फाइल) एक्सपोर्टेड लिहायचं राहिलं म्हणून ॲप इन्स्टॉलच होत नव्हती, १३ ला नोटिफिकेशनची परवानगी वेगळी मागायला लागली, १४ ला फोरग्राउंड सर्व्हिसचा (नोटिफिकेशन दाखवून मागे चालू राहणारं काम) प्रकार मॅनिफेस्टमध्ये लिहिला नाही तर थेट क्रॅश. १५ ला एज-टू-एज, म्हणजे ॲपची विंडो स्क्रीनच्या कडेपासून कडेपर्यंत पसरणं. दरवेळी आपण तेवढ्यापुरता पॅच मारतो आणि पुढच्या वर्षी परत तिथेच येतो. म्हणून या पोस्टमध्ये १५ चे प्रॉब्लेम तर घेतोच आहे, पण त्याआधी निदान कसं करायचं ते लिहितो, कारण माझ्या मते बहुतेकांचा वेळ दुरुस्तीत जात नाही, चुकीच्या जागी शोधण्यात जातो.

आधी तीन आकडे वेगळे करा

कंपाइल एसडीके म्हणजे कोड कंपाइल होताना कुठल्या व्हर्जनची एपीआय समोर ठेवायची. टार्गेट एसडीके म्हणजे आपण सिस्टिमला सांगतो की या व्हर्जनपर्यंतचे नवीन नियम मला लागू कर, माझी तयारी आहे. मिन एसडीके म्हणजे सगळ्यात जुना कुठला फोन चालेल. हे सगळ्यांना माहीत असतं, तरी प्रॉब्लेम आला की लोक "एसडीके ३५ केलं आणि मोडलं" एवढंच सांगतात, आणि त्यातून कळत काहीच नाही.

विचारायचा प्रश्न असा, की कुठल्या फोनवर मोडतंय? फक्त अँड्रॉइड १५ किंवा त्यापुढच्या फोनवर मोडत असेल तर संशय टार्गेटवर. १४, १३, १२ अशा जुन्या फोनवर क्रॅश होतंय आणि नव्यावर मस्त चालतंय, तर जवळजवळ नक्की कंपाइल एसडीकेचा बदल आहे, टार्गेटशी त्याचा संबंध नाही. आणि नेटिव्ह लायब्ररी (सी किंवा सी प्लस प्लसमधून बनलेली) लोड होताना क्रॅश, तोही ठरावीक उपकरणावर किंवा एमुलेटरवर, तर ते १६ केबी पेज साइजचं प्रकरण, त्यावर खाली लिहिलंय.

एज-टू-एजची सक्ती फक्त अँड्रॉइड १५ आणि पुढच्या फोनवर होते. टेस्टिंगचा फोन १३ वर असेल तर टार्गेट ३५ करून तुम्हाला काहीच फरक दिसणार नाही. "माझ्याकडे चालतंय" याचं उत्तर एवढंच असतं बऱ्याचदा.

अजून एक गोष्ट फार कमी लोक वापरतात. डेव्हलपर ऑप्शन्समध्ये ॲप कंपॅटिबिलिटी चेंजेस नावाची स्क्रीन आहे. तिथे आपलं डीबग बिल्ड निवडलं की त्या व्हर्जनमध्ये आलेले वागणुकीतले बदल यादीसारखे दिसतात, कुठले टार्गेट ३५ मुळे चालू झालेत तेही वेगळं दिसतं, आणि एकेक बदल चालू-बंद करता येतो. ग्रेडलला हात न लावता. म्हणजे टार्गेट वाढवल्यावर काहीतरी मोडलं आणि नेमकं कशाने ते कळत नाही, तर इथे एकेक बंद करत जा, ज्याने ठीक झालं तो गुन्हेगार. उलटही करता येतं, टार्गेट ३४ च ठेवून ३५ चे बदल एकेक चालू करून बघता येतात, त्यामुळे टार्गेट वाढवायच्या आधीच काय मोडणार ते समजतं. लॉगकॅटमध्ये, म्हणजे फोनच्या लॉगमध्ये, सुद्धा "कंपॅट चेंज आयडी रिपोर्टेड" अशी ओळ येते, पुढे आकडा आणि बदल चालू आहे की बंद ते लिहिलेलं असतं, तो आकडा शोधला की अधिकृत डॉक्युमेंटेशनमध्ये बदलाचं नाव मिळतं. अट एवढीच की बाजारातल्या साध्या फोनवर हे फक्त डीबगेबल बिल्डला चालतं, प्ले वरून टाकलेल्या रिलीज बिल्डला नाही.

जुन्या फोनवर क्रॅश, नव्यावर नाही

याचं सगळ्यात छळणारं उदाहरण म्हणजे कोटलिनचं रिमूव्हफर्स्ट आणि रिमूव्हलास्ट. साधी लिस्ट, त्यातून पहिला घटक काढायचा, वर्षानुवर्षं चाललेला कोड, एक अक्षर बदललेलं नाही. कंपाइल एसडीके ३५ केलं आणि अँड्रॉइड १४ आणि खालच्या सगळ्या फोनवर नो-सच-मेथड एरर.

कारण असं आहे. हे दोन्ही फंक्शन कोटलिनच्या स्टँडर्ड लायब्ररीत एक्सटेन्शन म्हणून होते. अँड्रॉइड १५ मध्ये ओपनजेडीके २१ मधल्या लिस्टच्या नवीन मेथड आल्या आणि त्यातही नेमकी हीच नावं आहेत. कोटलिनचा नियम आहे की क्लासची स्वतःची मेथड आणि एक्सटेन्शन एकाच नावाचे असतील तर क्लासची मेथड जिंकते. कंपाइल ३५ वर केलं की कंपायलरला लिस्टमध्येच ती मेथड दिसते, तो तिलाच कॉल लावतो, आणि १४ च्या फोनवर ती मेथड अस्तित्वातच नाही. बिल्डला एरर नाही, नव्या फोनवर एरर नाही, आणि आपल्याकडे जुने फोन वापरणारे लोक भरपूर, त्यामुळे फटका मोठा बसतो. ट्राय-कॅच लावून एक्सेप्शन पकडायचा प्रयत्न करू नका, हा एरर आहे, एक्सेप्शनच्या कॅचमध्ये तो येत नाही.

उपाय सोपा. रिमूव्हफर्स्टच्या जागी रिमूव्हॲट शून्य, आणि रिमूव्हलास्टच्या जागी रिमूव्हॲट लास्टइंडेक्स. पूर्ण प्रोजेक्टमध्ये शोधा, फक्त मुख्य मॉड्यूलमध्ये नको. लिंटचा, म्हणजे कोड तपासणाऱ्या टूलचा, न्यू-एपीआय नियम हे पकडतो, पण कित्येक प्रोजेक्टमध्ये लिंटच्या एरर बेसलाइनमध्ये टाकून गप्प केलेल्या असतात किंवा सीआयमध्ये (आपोआप बिल्ड करणाऱ्या सर्व्हरवर) लिंट चालतच नाही. तो एक नियम तरी चालू ठेवा आणि तो फेल झाला की बिल्ड फेल होऊ द्या. एखादी थर्ड पार्टी लायब्ररी ३५ वर कंपाइल होऊन आली असेल तर तिच्या आतही हेच असू शकतं, तेव्हा स्टॅकट्रेसमध्ये आपलं पॅकेज नाही म्हणून गोंधळू नका, लायब्ररीची पुढची व्हर्जन बघा.

कंपाइल ३५ चा दुसरा त्रास बिल्डमध्येच दिसतो म्हणून तो बरा. काही जागी सिस्टिमच्या क्लासवर नलेबलची (व्हॅल्यू नल, म्हणजे रिकामी, असू शकते अशी) खूण नव्याने आलीये, उदाहरणार्थ पॅकेजइन्फो मधलं ॲप्लिकेशनइन्फो, बिटमॅपचं कॉन्फिग. कोटलिन लगेच ओरडतं. तिथे दोन उद्गारचिन्हं टाकून मोकळे होऊ नका, व्हॅल्यू नल आली तर काय करायचं ते लिहा, दोन ओळींचं काम आहे. आणि कंपाइल ३५ साठी अँड्रॉइड ग्रेडल प्लगइन ८.६ किंवा पुढचं लागतं, जुन्यावर वॉर्निंग येते, ती दाबायची सेटिंग आहे पण दाबू नका.

आता एज-टू-एज

टार्गेट ३५ असलेलं ॲप अँड्रॉइड १५ वर उघडलं की त्याची विंडो पूर्ण स्क्रीनभर पसरते, वर स्टेटस बारच्या खाली आणि तळाला नेव्हिगेशन बारच्या खाली सुद्धा. आधी सिस्टिम आपल्याला दोन्ही बार सोडून मधली जागा द्यायची, आता सगळी जागा देते आणि सांगते की बार कुठे आहेत ते विचारून घे आणि तुझं तू सांभाळ. स्टेटस बारला रंग द्यायची जुनी पद्धत आता काम करत नाही, कॉल केला तरी काही होत नाही, एररही येत नाही. जेश्चर नेव्हिगेशनला तळाचा बार पूर्ण पारदर्शक असतो. तीन बटणांच्या नेव्हिगेशनला सिस्टिम मागे ८० टक्के अपारदर्शक पट्टा ठेवते, पण आपला मजकूर त्या पट्ट्याखाली जातोच. आपल्याकडे तीन बटणं ठेवणारे लोक खूप आहेत, त्यामुळे जेश्चरवर टेस्ट करून "तळाला थोडंसंच झाकलं जातंय, चालेल" असं ठरवू नका. तीन बटणांवर तळाचं सबमिट बटण अख्खं जातं, आणि त्यावर दाबलं की ॲपऐवजी होम किंवा बॅक दाबलं जातं.

आडव्या स्क्रीनमध्ये कॅमेऱ्याच्या खाचेचाही प्रश्न आहे. आधी सिस्टिम खाच टाळून जागा द्यायची, आता टार्गेट ३५ ला विंडो खाचेच्या भागातही पसरते, तुम्ही थीममध्ये वेगळं काही लिहिलं असलं तरी. म्हणून फक्त सिस्टिम बारचे इन्सेट्स (कुठल्या बाजूने किती जागा अडलीये ते आकडे) घेऊन भागत नाही, डिस्प्ले कटआउटचेही घ्या.

व्ह्यूवाल्या (एक्सएमएल लेआउटच्या) जुन्या ॲपसाठी मी सुचवेन तो क्रम असा. प्रत्येक ॲक्टिव्हिटीच्या ऑनक्रिएटमध्ये, सेटकंटेंटव्ह्यूच्या आधी, एनेबल-एज-टू-एज हा अँड्रॉइडएक्स ॲक्टिव्हिटीमधला कॉल लावा. सक्ती फक्त १५ वर आहे तर हा कशाला असं वाटेल, पण यामुळे जुन्या फोनवरही स्क्रीन तशीच पसरते, मग एकच लेआउट दोन प्रकारे वागत नाही आणि हातातल्या कुठल्याही फोनवर टेस्ट करता येतं. हे न करता फक्त १५ साठी वेगळी अट लिहिणारे लोक मी पाहिलेत, सहा महिन्यांनी त्या अटी कोणालाच समजत नाहीत.

मग इन्सेट्स लिसनर. रूटवर लिसनर लावायचा, सिस्टिम बार आणि कटआउट दोन्ही प्रकारचे इन्सेट्स एकत्र मागायचे आणि तेवढं पॅडिंग द्यायचं. चालतं, पण दिसायला वाईट, कारण वर आणि खाली रिकामे पट्टे दिसतात. नीट करायचं तर वरचं पॅडिंग टूलबार ज्यात आहे त्या पट्ट्याला द्या म्हणजे त्याचा रंग घड्याळापर्यंत जाईल, तळाचं पॅडिंग रिसायकलरव्ह्यूला द्या आणि क्लिप-टू-पॅडिंग फॉल्स करा म्हणजे यादी बारच्या मागून सरकेल पण शेवटची ओळ अडकणार नाही. तरंगणाऱ्या गोल बटणाला मात्र पॅडिंग नाही, मार्जिन.

आता ज्या चुका वारंवार दिसतात त्या.

पॅडिंग वाढतच जातं. कीबोर्ड उघडला-मिटला की टूलबार अजून जाड होतो. कारण लिसनरमध्ये "आत्ताचं पॅडिंग अधिक इन्सेट" असं लिहिलंय, आणि लिसनर पुन्हा पुन्हा बोलावला जातो. लेआउटमधलं मूळ पॅडिंग लिसनरच्या बाहेर एकदाच जपून ठेवा, आत "मूळ अधिक इन्सेट" लिहा.

दुप्पट जागा सुटते. मटेरियलचं बॉटम नेव्हिगेशन स्वतःच इन्सेट घेतं, त्यात आपण रूटलाही दिलं की तळाला भला मोठा पट्टा दिसतो. जो घटक आधीच घेतोय त्याला परत देऊ नका. हे लेआउट इन्स्पेक्टरमध्ये पॅडिंगचे आकडे बघितले की लगेच कळतं, नुसतं डोळ्यांनी अंदाज करत बसू नका.

एका फ्रॅगमेंटला इन्सेट मिळतात, शेजारच्याला नाही, आणि हे फक्त अँड्रॉइड १० किंवा खाली. तिथे इन्सेट्स वाटायची जुनी पद्धत अशी आहे की एका मुलाने ते कन्झ्यूम केले की पुढच्या भावंडांना मिळत नाहीत. अँड्रॉइडएक्स कोअर १.१६ मध्ये व्ह्यूग्रुपकॉम्पॅटवर इन्स्टॉल-कॉम्पॅट-इन्सेट्स-डिस्पॅच अशी सोय आलीये, रूटवर एकदा बोलवा. ती नको असेल तर लिसनरमधून कन्झ्यूम न करता इन्सेट्स तसेच परत द्या.

फिट्स-सिस्टिम-विंडोज ट्रू करून बघितलं आणि लेआउटमधलं पॅडिंग गायब झालं. हो, तो गुणधर्म आपलं पॅडिंग बाजूला सारून स्वतःचं टाकतो. ज्या स्क्रीन वर्षभरात कोणी उघडत नाही, लायसन्सची माहिती वगैरे, तिथे चालवून घ्या, महत्त्वाच्या स्क्रीनला नको.

घड्याळ आणि बॅटरी दिसतच नाही, पांढऱ्यावर पांढरं. स्टेटस बारच्या आयकॉनचा रंग आपल्या मागच्या रंगानुसार ठरवावा लागतो, विंडो-इन्सेट्स-कंट्रोलरमध्ये अपिअरन्स-लाइट-स्टेटस-बार्स आहे, मागचा रंग फिका असेल तर ट्रू. डार्क मोड आणि लाइट मोड दोन्हीत बघा.

कीबोर्डचं वेगळं लिहितो कारण सगळ्यात जास्त तक्रारी त्याच्याच. मॅनिफेस्टमध्ये ॲडजस्ट-रिसाइज आहे तरी एडिटटेक्स्ट कीबोर्डखाली जातोय, असं दिसतं. विंडो स्क्रीनभर पसरलेली असताना कीबोर्डसाठी सिस्टिम आपला मजकूर आपोआप वर सरकवत नाही, कीबोर्डची उंचीही इन्सेट म्हणूनच येते, तिचा प्रकार आयएमई. ॲडजस्ट-रिसाइज काढू नका, ते लागतंच, पण तळाच्या पॅडिंगसाठी सिस्टिम बार आणि आयएमई दोन्ही एकत्र मागा, त्यातलं जे मोठं ते मिळतं. दोन्ही वेगवेगळे मागून बेरीज केली की कीबोर्डच्या वर नेव्हिगेशन बारएवढी मोकळी फट राहते, ती फट दिसली की समजा कोणीतरी बेरीज केलीये.

कंपोजवाल्यांना (स्क्रीन कोटलिनमध्येच लिहायची नवी पद्धत) काम कमी आहे पण एक चूक हमखास होते. स्कॅफोल्ड, म्हणजे स्क्रीनचा सांगाडा, आत जे इनर पॅडिंग देतो ते वापरलेलंच नसतं, लँब्डाचा पॅरामीटर घेतला आणि सोडून दिला. आधी सिस्टिमच जागा सोडायची म्हणून चाललं, आता पहिली ओळ टॉपबारखाली जाते. मटेरियल ३ चे बहुतेक घटक इन्सेट्स सांभाळतात, जुन्या मटेरियल २ वर असाल तर टॉपबार आणि बॉटमबारला विंडो इन्सेट्स हाताने द्यावे लागतात. आणि इनर पॅडिंगनंतर आयएमई पॅडिंग लावत असाल तर मध्ये कन्झ्यूम-विंडो-इन्सेट्स टाका, नाहीतर तीच वरची फट.

वेबव्ह्यूमध्ये वेबसाइट गुंडाळलेली ॲप्स असतील, छोट्या दुकानांची, क्लासेसची, सोसायट्यांची अशी खूप आहेत, तर वेबसाइटच्या सीएसएसच्या मागे लागू नका. वेबव्ह्यू एका फ्रेमलेआउटमध्ये ठेवा आणि त्या फ्रेमलेआउटला पॅडिंग द्या, पाच मिनिटात सुटतं. फ्लटरमध्ये ३.२७ पासून टार्गेट ३५ ला एज-टू-एज हेच डिफॉल्ट आहे, स्क्रीनवर सेफएरिया लावा. रिॲक्ट नेटिव्हमध्ये मूळ पॅकेजमधला सेफएरियाव्ह्यू आयओएससाठीच आहे, अँड्रॉइडवर तो काही करत नाही, सेफ-एरिया-कॉन्टेक्स्ट लायब्ररी वापरा. यावर दिवस घालवलेले लोक आहेत म्हणून मुद्दाम लिहिलं.

ऑप्ट-आउट आहे का? आहे. थीममध्ये विंडो-ऑप्ट-आउट-एज-टू-एज-एन्फोर्समेंट ट्रू करायचं, व्हॅल्यूज-व्ही३५ फोल्डरमधल्या थीममध्ये, आणि १५ वर सगळं पूर्वीसारखं दिसतं. पण टार्गेट ३६ केलं की अँड्रॉइड १६ वर तो गुणधर्म चालत नाही. त्यामुळे उद्या रिलीज आहे आणि चाळीस स्क्रीन बाकी आहेत अशा वेळी जरूर वापरा, पण त्याच दिवशी काम काढायचं तिकीट बनवा आणि कोणाच्या तरी नावावर टाका. माझं स्पष्ट मत आहे की ज्यांनी मागच्या वेळी ऑप्ट-आउट करून विषय संपवला त्यांनाच ३६ च्या वेळी सगळ्यात जास्त धावपळ करावी लागते.

मराठी ॲपवाल्यांसाठी

अँड्रॉइड १५ ला टार्गेट केलं की एडिटटेक्स्टमध्ये ओळीची किमान उंची भाषेच्या फॉन्टनुसार राखली जाते. आधी बॉक्स रिकामा असताना लहान आणि अक्षर टाइप केल्यावर मोठा असं व्हायचं काही भाषांमध्ये, ते टाळण्यासाठी हे आहे. बदल चांगला आहे. पण एडिटटेक्स्टची उंची ४० डीपी अशी ठोकून दिलेली असेल तर वरची मात्रा, रफार, अनुस्वार किंवा खालचा उकार कापला जायची भीती असते, आणि हे इंग्रजीत टेस्ट करणाऱ्याला कधीच दिसत नाही. उंची रॅप-कंटेंट करा आणि किमान उंची ४८ डीपी द्या. फोनची भाषा मराठी करून, फॉन्ट मोठा करून, "कार्यालयातील नोंदणी क्रमांक" असलं काहीतरी लांब लिहून बघा. आपल्या भाषेतलं ॲप आपल्याच भाषेत टेस्ट न होणं मला फार खटकतं, दोन मिनिटं लागतात.

सर्व्हिस मध्येच बंद पडते

डेटा सिंकची फोरग्राउंड सर्व्हिस असेल तर टार्गेट ३५ ला तिला २४ तासात एकूण ६ तासच मिळतात. एका सर्व्हिसला नाही, ॲपमधल्या त्या प्रकारच्या सगळ्या मिळून. मीडिया प्रोसेसिंग या नव्या प्रकारालाही तीच मर्यादा, त्याचा हिशोब वेगळा. वेळ संपली की सिस्टिम सर्व्हिसचं ऑनटाइमआउट बोलावते, दोन पॅरामीटरवालं, आणि त्यात काही सेकंदात स्टॉपसेल्फ केलं नाही तर ॲप क्रॅश. वापरणाऱ्याने ॲप समोर आणलं की घड्याळ परत शून्यावर येतं, म्हणून डेव्हलपरच्या टेबलावर हा क्रॅश कधीच होत नाही, तो दिवसभर ॲप खिशात ठेवून फिरणाऱ्या डिलिव्हरीवाल्याकडे होतो.

टेस्ट करायला सहा तास बसायची गरज नाही. एडीबीमधून (कॉम्प्युटरवरून फोनला कमांड द्यायचं टूल) डिव्हाइस कॉन्फिगमध्ये ॲक्टिव्हिटी मॅनेजरखाली डेटा सिंकची टाइमआउटची मुदत मिलिसेकंदात बदलता येते, मिनिटभराची करा आणि काय होतं बघा. टार्गेट न वाढवताही एफजीएस-इंट्रोड्यूस-टाइम-लिमिट्स हा कंपॅट बदल चालू करून हे करता येतं. पण खरा उपाय ऑनटाइमआउटमध्ये थांबणं नाही. बहुतेक सिंक वर्कमॅनेजरमध्ये (मागची कामं सिस्टिमच्या सोयीने करून घेणारी लायब्ररी) बसतं, आणि वापरणाऱ्याने स्वतः सुरू केलेलं मोठं अपलोड असेल तर अँड्रॉइड १४ पासून त्यासाठी वेगळा जॉबचा प्रकार आहे. सर्व्हिस कायम जिवंत ठेवायची पद्धत आता सोडायला हवी.

फोन रीस्टार्ट झाल्यावर सर्व्हिस सुरू होत नाही, हाही याच व्हर्जनचा नियम. बूट कम्प्लीटेडच्या रिसीव्हरमधून डेटा सिंक, कॅमेरा, मीडिया प्लेबॅक, फोन कॉल आणि मीडिया प्रोजेक्शन या प्रकारच्या सर्व्हिस चालू करता येत नाहीत, मायक्रोफोनची तर १४ पासूनच बंद आहे. केली की स्टार्ट-नॉट-अलाउड एक्सेप्शन. तिथेही वर्कमॅनेजरला काम द्या.

१६ केबी

अँड्रॉइडची मेमरी आजवर ४ केबीच्या पानांमध्ये वाटली जायची, १५ पासून १६ केबीची पानं असलेले फोन सुद्धा चालतात. मोठ्या पानांमुळे ॲप उघडणं, फोन बूट होणं जलद होतं, म्हणून हे आणलंय. प्लेचा नियम १ नोव्हेंबर २०२५ पासूनचा, ३५ किंवा पुढे टार्गेट करणाऱ्या ॲपने ६४ बिट फोनवर १६ केबीला साथ द्यायलाच हवी.

"आमच्यात सी प्लस प्लस नाही" म्हणून सोडून देऊ नका. पीडीएफ दाखवणारी लायब्ररी, एन्क्रिप्ट केलेला डेटाबेस, व्हिडिओ कॉल, इमेज एडिटर, यातल्या कशातही एसओ फाइल, म्हणजे नेटिव्ह लायब्ररी, असू शकते. अँड्रॉइड स्टुडिओच्या एपीके ॲनलायझरमध्ये बिल्ड उघडा, लिब फोल्डरमध्ये बघा, कुठली फाइल १६ केबीला जुळत नाही ते तिथे लिहून येतं. स्वतःचा नेटिव्ह कोड असेल तर एनडीके (नेटिव्ह कोड बिल्ड करायचं टूल) आर२८ वर परत बिल्ड करा, त्यात हे डिफॉल्टच आहे, आणि ग्रेडल प्लगइन ८.५.१ च्या खाली नको. कोडमध्ये कुठे ४०९६ हाताने लिहिलं असेल तर ते काढून पानाचा आकार सिस्टिमला विचारा. दुसऱ्याची लायब्ररी असेल आणि तिची नवीन व्हर्जन येत नसेल तर दुसरा काही मार्ग नाही, ती बदलावी लागते, म्हणून हे तपासणं शेवटच्या आठवड्यात ठेवू नका. खात्रीसाठी एमुलेटरची १६ केबीवाली सिस्टिम इमेज मिळते, त्यात एडीबी शेलमधून गेटकॉन्फ पेज साइज विचारलं की १६३८४ यायला हवं. ४०९६ आलं तर तुम्ही साध्याच इमेजवर टेस्ट करताय.

रिलीज कसं करायचं

कंपाइल आणि टार्गेट एकाच रिलीजमध्ये वाढवू नका. आधी फक्त कंपाइल वाढवा, टार्गेट आधीचंच ठेवा, ते थोड्या टक्क्यांना सोडा आणि जुन्या फोनवरचे क्रॅश बघा. ते शांत झालं की पुढच्या रिलीजमध्ये फक्त टार्गेट. दोन्ही एकदम केले की क्रॅश रिपोर्टमध्ये जुन्या आणि नव्या फोनच्या तक्रारी मिसळतात आणि कशाने काय मोडलं ते सुटं करता येत नाही. त्याच रिलीजमध्ये नवीन फीचरही घालू नका, मॅनेजर कितीही म्हणोत.

एमुलेटर निदान हे ठेवा: १५ तीन बटणांसह, १५ जेश्चरसह आडव्या स्क्रीनमध्ये, आणि एक अँड्रॉइड १० चा. प्रत्येकावर कीबोर्ड उघडून बघायचा, तळाचं बटण दाबून बघायचं.

ज्यांचं ३५ झालंय आणि ३६ कडे निघालेत त्यांनी आत्ताच दोन गोष्टी शोधून ठेवा. कोडमध्ये ऑनबॅकप्रेस्ड कुठे कुठे ओव्हरराइड केलंय ते, कारण टार्गेट ३६ ला अँड्रॉइड १६ वर प्रेडिक्टिव्ह बॅक (मागे जाण्याआधी मागची स्क्रीन दाखवणारी पद्धत) आपोआप चालू असतं आणि ते फंक्शन बोलावलंच जात नाही, "फॉर्म सेव्ह न करता बाहेर पडायचं का" विचारणारा डायलॉग गुपचूप बंद होतो आणि लोकांचा भरलेला डेटा जातो. त्याजागी ऑनबॅकप्रेस्डडिस्पॅचरचा कॉलबॅक लावा, तो आजच्या ३५ वरही चालतो. दुसरं, मॅनिफेस्टमध्ये पोर्ट्रेट लॉक केलेल्या ॲक्टिव्हिटी. किमान रुंदी ६०० डीपी किंवा जास्त असलेल्या स्क्रीनवर, म्हणजे टॅबलेट आणि उघडलेले फोल्डिंग फोन, ३६ ला तो लॉक मानला जात नाही आणि ॲप आडवंही उघडतं. तात्पुरतं नको म्हणायची सोय त्यालाही आहे, पण ती एपीआय ३७ ला जाणार हे आधीच सांगितलेलं आहे.

तुमचा प्रॉब्लेम यात बसत नसेल तर खाली लिहा, फक्त कंपाइल किती, टार्गेट किती, फोन कुठल्या अँड्रॉइडवर, तीन बटणं की जेश्चर, आणि लॉगकॅटमधली क्रॅशची पूर्ण नोंद एवढं टाका, नुसता स्क्रीनशॉट नको.